बगुणं उचलायला चौघं लागतात

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गावाकडनं चुलतभावाचा फोन आला, "पंधरा ऑगस्टला येणारैस ना, मग आदल्या दिवशीच ये, भांडी मोजायचीत." मला आधी वाटलं वाटण्या निघाल्या की काय, कारण आमच्यात भांडी मोजायची वेळ वाटणीलाच येते. पण भांडी घरची नव्हती, गावकीची होती. यात्रा कमिटीतल्या पोरांचं म्हणणं असं की आता लग्नं सगळी मंगल कार्यालयात होतात, केटरर आपली भांडी घेऊन येतो, दहाव्याला सुद्धा ऑर्डर देतात लोक, मग देवळामागच्या खोलीत हे तांबं-पितळ कशाला सडवायचं, मोडीत घाला आणि त्या पैशात चौकात कॅमेरे बसवा. आता पितळेला भाव बरा आहे हे खरं. ग्रामसभेत विषय घ्यायचा तर यादी पाहिजे, आणि यादीला माणूस म्हणजे मी, कारण मी चिंचवडला एका कंपनीत स्टोअर बघतो, मोजणं हाच माझा धंदा.

गावाचं नाव लिहीत नाही. खटाव तालुका, दुष्काळी पट्टा, चारशेच्या आत उंबरा, एवढं पुरे. तुमच्याही गावात अशी एक खोली असणार, नाहीतर होती असणार.

खोली उघडायलाच तासभर गेला. दाराला कुलपं दोन, किल्ल्या दोन घरात, आणि दोन्ही किल्लीवाले एकाच वेळी आल्याशिवाय दार उघडत नाही. हे असं का झालं ते पुढं येईलच. आत कोळ्यांची जाळी, चिंचेचा नि ओल्या राखेचा वास, आणि थप्पीला लावलेली भांडी. तांब्याची दोन बगुणी, त्यातलं मोठं इतकं की लहानपणी लपाछपीत आम्ही तिघंजण आत बसायचो, पितळेच्या पराती, घंगाळं, ओगराळी, झारे, नंतरच्या काळात घेतलेली जर्मनची पातेली, स्टीलची ताटं. भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, 'समस्त ग्रामस्थ', जुन्यांवर खाली १९७४.

सालाला कारण आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडची माणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर होती, लाल मिलो आणि सुकडी खाऊन काढलेली वर्षं ती. आजी सांगायची की त्याआधी लग्न निघालं की भांडी पाटलाच्या वाड्यातनं आणायची. भाडं कुणी मागायचं नाही, पण पुढं सुगीत वाड्याचा निरोप आला की गपगुमान जायचं, घरातलं काम टाकून. पाटीलकीचं वतन कायद्यानं साठीच्या दशकातच गेलं होतं, पण भांडी वाड्यातच होती ना. दुष्काळी कामावर पहिल्यांदा गावातल्या सगळ्या आळ्यांची माणसं एका ओळीत बसून, एकाच हजेरीपटावर अंगठे उठवून पैसे घेत होती, आणि तिथंच कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपली भांडी आपण घेऊ. दुष्काळ हटल्यावर पहिली बरी सुगी झाली तेव्हा वर्गणी काढली. कुणी रुपया दिला, कुणी पायली ज्वारी.

किल्ली तात्यांकडं आली. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, नात्यानं आजोबाच, पण सगळं गाव तात्या म्हणायचं म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. हा माणूस आयुष्यात कधी सरपंच झाला नाही, साधा मेंबर झाला नाही, सोसायटीच्या निवडणुकीला एकदा उभा राहिला आणि पडला. पण गावात कुणाला कुणाच्या दारात उभं करायचं हे त्यांना जेवढं कळायचं तेवढं कुठल्या पुढाऱ्याला कळलेलं मी बघितलं नाही. त्यांचे नियम होते, कुठं लिहिलेले नव्हते. मयत झाली की भांडी मागायला कुणी यायचं नाही, तात्याच पहाटे घंगाळ आणि पातेलं त्या दारात पोचवणार. एका तिथीला दोन लग्नं आली तर मुलीकडच्यांचा मान आधी. ज्याचं अंथरूण लहान त्याला ते आधीच म्हणायचे, "मोठं बगुणं न्हेऊ नगंस, त्याची कल्हई गेलीया." कल्हईला काही झालेलं नसायचं. मोठं बगुणं दारात दिसलं की सगळा गाव जेवायला येणार आणि तो माणूस कर्जात जाणार, म्हणून हे.

आणि मोठ्या बगुण्याचंच एक आहे. त्याला चार कड्या, चौघांशिवाय उचलत नाही. ते चौघं कोण हे तात्या ठरवायचे. मला हे फार उशिरा समजलं. आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ, बांधावरच्या लिंबाच्या झाडावरनं नऊ वर्षं बोलणं नाही, वडूजच्या कोर्टात केस. भाचीच्या लग्नाला तात्यांनी हाका मारल्या त्या बरोबर या दोघांना, आणि समोरासमोरच्या कड्या धरायला लावल्या. देवळापास्नं लग्नघरापर्यंत चढ आहे, मधे गटाराचा दगड आहे, आता तोंड बंद ठेवून ते बगुणं नेता येतच नाही, "जरा डावीकडं", "थांब, दगड हाय", "सोड आता हळू" एवढं तरी बोलावंच लागतं. बोलले. बास, एवढंच. गळ्यात गळे वगैरे काही पडलं नाही. केसही पुढं चालूच राहिली, फक्त तारखेला दोघं एकाच जीपमधनं वडूजला जायला लागले.

२००७ ला आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा आमच्याकडंही समिती झाली आणि तात्यांना अध्यक्ष करायचं घाटत होतं. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, मिटवलेल्या तंट्याची नोंद ठेवली की तो मिटत न्हाई. तेव्हा आम्हाला वाटलं म्हातारा आडमुठा आहे. पुढं समितीत मिटलेल्या तंट्यांचा आकडा वाढवायला कोंबडीचं भांडण, नळाचं भांडण असलंही कागदावर यायला लागलं, फाईल जाड झाली. मोहीम वाईट होती असं मी म्हणणार नाही, ठाण्यात जाणारी बरीच प्रकरणं गावात थांबली. पण तात्यांचं म्हणणं मला आता पटतं थोडं.

इथपर्यंत वाचून 'जुनं ते सोनं, काय गाव होतं' असं वाटत असेल तर जरा थांबा. मलाही वाटायचं. तात्यांची वही मी यावेळी पहिल्यांदा नीट वाचली, यादीसाठी. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानांवर १९७४ च्या वर्गणीदारांची नावं, त्यात बौद्ध वस्तीवरची अकरा घरं. पैसे दिलेत, ज्वारी दिलीय, सगळं लिहिलंय. मग पुढं भांडी कुठं गेली त्याच्या नोंदी, लग्न, बारसं, जावळ, दहावा, वास्तुशांती, पानंच्या पानं. स्टोअरवाल्याची सवय, आवक बघितली की जावक ताडून बघायची. वस्तीवर भांडी गेल्याची एकही नोंद नाही. चाळीसपेक्षा जास्त वर्षांत एकही नाही. 'समस्त ग्रामस्थ' कोरलेल्या भांड्यात ते ग्रामस्थ कधी शिजवून जेवलेच नव्हते. वस्तीनं नंतर आपली वेगळी भांडी घेतली, जयंतीची म्हणून, त्यावर 'जयंती मंडळ' कोरलंय. तात्या असताना मी एकदा हे अर्धवट विचारलं होतं. ते म्हणाले होते, "त्यांनी मागितलीच न्हाईत कधी." मयताच्या घरी न मागता भांडी पोचवणारा माणूस हे म्हणाला. मला त्यांच्याबद्दल जे वाटतं त्यात हे वाक्य कायम अडकून बसलंय, आणि ते काढून टाकावं असंही वाटत नाही.

आता दोन कुलपांचं. २०१७ ला सरपंच थेट जनतेतनं निवडायचा नियम आला. आधी मेंबर निवडून यायचे आणि ते आपसात सरपंच ठरवायचे, म्हणजे भांडण नऊ-अकरा जणांत राहायचं, आता ते प्रत्येक उंबऱ्यावर आलं. पुढं २०२० ला तो नियम रद्द झाला, २०२२ ला परत आला, पण आमचं जे व्हायचं ते पहिल्याच वेळेला झालं. दोन पॅनल, एका घरातले दोन भाऊ दोन पॅनलला, सुनेचं माहेर एका गटात आणि सासर दुसऱ्या. निकाल अकरा मतांनी लागला. गुलालाची गाडी मुद्दाम पडलेल्यांच्या दारावरनं तीनदा फिरवली. त्या वर्षी यात्रेची वर्गणी दोन वह्यांवर गोळा झाली, आणि एक दिवस तात्यांकडं जाऊन एक गट म्हणाला किल्ली आमच्याकडं द्या, दुसरा म्हणाला मग आमचंही कुलूप बसणार. तात्या ऐंशीच्या पुढं गेलेले. त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन झोपले.

लोक म्हणतात यावर उपाय म्हणजे बिनविरोध. मला बिनविरोधचं भारी कौतुक नाही. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलावच झाला होता, बोली दोन कोटींच्या वर गेली, पैसे देवळासाठी म्हणून, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली, नंदुरबारकडच्या खोंडामळीचीही. सगळा गाव एका बाजूला आला की कौतुक होतं, पण तो कसा आला, कुणाला गप्प बसवून आला, हे कुणी विचारत नाही. आमचा गाव निदान उघड भांडला म्हणायचं.

मग २०१८ चा वॉटर कप, म्हणजे पानी फाउंडेशनची गावागावांत पाणी अडवायची स्पर्धा. आमच्या भागात तेव्हा सगळ्यांना झटका होता, कारण २०१६ ला पहिल्याच वर्षी शेजारच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं होतं, आणि तिकडं माणच्या टाकेवाडीनं तर पुढं २०१८ चाच नंबर मारला. आठ एप्रिलच्या मध्यरात्री सुरुवात, पंचेचाळीस दिवस श्रमदान, डोंगराला समतल चर काढायचे, बांधबंदिस्ती करायची. आमच्याकडं पहिल्या दिवशी माणसं आली चोवीस. दोन्ही पॅनलचे प्रमुख फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी अकरा.

तिथं आली आशाताई. तिचं नाव आशा नाही बरं का, ती आशा कार्यकर्ती आहे, २००९ पासनं, म्हणून लहानथोर सगळे आशाताईच म्हणतात, तिचं खरं नाव मला मतदार यादीत बघून कळलं. वस्तीवरची. एकदा राखीव जागेवर पंचायतीत मेंबरही होती, पण तेव्हा मीटिंगला तिचा नवरा जाऊन बसायचा आणि ती सही करायची. ते ती स्वतःच हसून सांगते, "मेंबर हुते तवा मला कुणी इचारलं न्हाई, आन् आशा झाल्यावर समद्यांच्या चुलीपतूर गेले." खरंय ते. कुठल्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या सासूची शुगर वाढलीय, कुणाचं पोरगं पुण्यात नोकरी सुटून बसलंय आणि घरी सांगत नाही, सगळं तिला माहीत. तिचीही एक वही आहे. सरकारी, छापील रकान्यांची, पण तात्यांच्या वहीची धाकटी बहीणच म्हणा.

ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बचत गटाच्या बायकांना घेऊन दारोदार फिरली. तुम्ही या असं म्हणत नव्हती ती. प्रत्येक घरी तेवढंच, "उद्या सकाळचा नाष्टा माळावर हाय, तुमच्याकडनं पोहे किती देता?" आता ज्याचे पोहे गेलेत तो माणूस आपल्या पोह्याचं काय झालं बघायला तरी येणारच. पण चारपाचशे माणसांचा नाष्टा शिजवायचा कशात? भांड्यांची खोली बंद, दोन कुलपं. एक किल्लीवाला म्हणाला त्याला बोलवा, दुसरा म्हणाला आधी तो येऊ दे. रात्री अकरापर्यंत हे चाललं. मग आशाताई काही न बोलता वस्तीवर गेली, आणि पहाटे माळावर चुलीवर चढली ती जयंती मंडळाची पातेली.

मी त्या दिवशी होतो तिथं, सुट्टी काढून गेलो होतो. उजाडायच्या वेळेला माणसं रांगेत उभी होती, घमेली-टिकाव बाजूला ठेवून, आणि समोर पातेल्यावर कोरलेलं नाव स्पष्ट दिसत होतं. मी बघत होतो कोण रांगेतनं सरकतंय. दोघं-तिघं सरकलेच, आम्ही घरनं खाऊन आलोय म्हणाले. एक म्हातारी नुसता चहा घेते म्हणाली आणि चहा घेतला नाही. बाकी सगळ्यांनी खाल्लं. तात्या काठी टेकत आले होते, बसले, ताट घेतलं, आणि अर्धे पोहे झाल्यावर आशाताईला म्हणाले, "मीठ बेतानं टाकत जा पोरी, म्हाताऱ्यांना चालत न्हाई." ती म्हणाली, "तात्या, तुमचं बीपी मलाच ठावं हाय, तुमच्या ताटातलं येगळंच हाय." यावर जे हसले सगळे.

बक्षीस वगैरे काही मिळालं नाही आम्हाला. चर बरेच निघाले, त्यातले निम्मे पुढच्या दोन पावसाळ्यांत बुजले, कारण गाळ काढायला परत कुणी गेलं नाही. दोन्ही पॅनलही एक झाली नाहीत. हे सांगायला पाहिजे, नाहीतर यशोगाथा होऊन बसायची.

एप्रिल २०२१ ला तात्या गेले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ऑक्सिमीटर लावून आकडा आशाताईनंच बघितला, १०८ ला फोन तिनंच लावला, आणि गाडी येईपर्यंत ओट्याखाली उभी राहिली ती एकटीच, आमच्या अख्ख्या भावकीतलं एकही दार उघडलं नाही. आमचं घर धरून. परत आणलंच नाही त्यांना, तिकडंच उरकलं. घंगाळ गेलं नाही, पातेलं गेलं नाही. वहीत त्यांच्या मयताची नोंद नाही, कारण भांडी बाहेर पडली नाहीत.

आणखी एक गोष्ट, जराशी बाजूची. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्या ग्रामसभेतही ठराव झाला, एकमतानं, टाळ्या वाजवून. पुढच्याच वर्षी आमच्या चुलत वहिनीवर वेळ आली तेव्हा टाळ्या वाजवलेल्या बायकाच बांगड्या फोडायला पुढं झाल्या. आशाताई वहिनीच्या शेजारी जाऊन बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले आणि म्हणाली हिचं बीपी बघतेय. पाऊण तास बघत होती. तेवढ्यात माणसं निघाली स्मशानाकडं, आणि ते राहून गेलं. ठरावाचं नाव तिनं काढलं नाही.

तर भांडी. चौदा तारखेला दिवसभर मोजली. वहीप्रमाणं सगळं जुळलं, ताटं थोडी कमी भरली, ते चालायचंच. फक्त जर्मनच्या पातेल्यांत एक पातेलं निराळं निघालं. पुसून बघितलं तर 'जयंती मंडळ'. आणि आमचं एक कमी. म्हणजे अदलाबदल झालीय, कधीतरी २०१८ ते २०२० च्या मधे, कुणीतरी आमचं तिकडं नेलंय आणि त्यांचं इकडं आलंय. वही परत उलटी चाळली, तर तात्यांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ सापडली, २०१९ ची, वैशाख महिन्यातली: 'वस्ती, लग्न, १ पातेले. बदली आले. असू दे.'

वस्तीवर गेलेली ती पहिली नोंद, आणि तात्यांच्या हातची शेवटून तिसरी. दोन कुलपं असताना ते पातेलं बाहेर कसं गेलं हे मी दोन्ही किल्लीवाल्यांना विचारलं. दोघांनीही दुसऱ्याकडं बोट दाखवलं. आशाताईला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, तुमी मोजायला आलाय न्हवं, मोजा की." यादीत ते पातेलं कुठल्या रकान्यात धरायचं हे मला अजून कळलेलं नाही. मोडीत घालायचं तर ते आमचं नाही, परत करायचं तर त्यांच्याकडचं मागावं लागणार. चुलतभाऊ म्हणाला, देवाच्या नैवेद्याला ते कुणी वापरत नाही, म्हणून कोपऱ्यात होतं. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, ग्रामसभा बसली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. जिलेबीला होती तेवढी. सभेला मी मोजली, एकसष्ट. ग्रामसेवकांनी सभा तहकूब केली, माझी यादी फाईलला लावली, आणि पुढची तारीख फळ्यावर लिहिली. त्या दिवशी मला कामावर सेकंड शिफ्ट आहे.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. जे येतील ते ठरवतील.